प्रतिध्वनीचे अनुमान

वैद्यकाच्या ज्या साधनांशी आजच्या मराठी कुटुंबाचा निकटचा परिचय झालेला आहे, त्यांत सोनोग्राफीचे स्थान फार वरचे आहे. परंतु ते साधन ज्या तत्त्वावर उभे आहे त्याविषयीचे आपले अज्ञान त्या परिचयामुळे तिळमात्रही कमी झालेले नाही. पोटात कळ आली, लघवीस अडथळा झाला, घरात नव्या जिवाची चाहूल लागली, की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. आपण उपाशीपोटी किंवा भरपूर पाणी पिऊन बाकावर बसतो, अंधाऱ्या खोलीत काही मिनिटे पडून राहतो आणि करड्या छायांची एक फिल्म व तिच्यासोबतचा रिपोर्ट घेऊन बाहेर येतो. या रिपोर्टासंबंधी समाजात दोन वृत्ती आढळतात. पहिली वृत्ती त्याला वेदवाक्य मानते, आणि ‘मशीनमध्ये दिसले’ एवढे म्हटले की तिच्या दृष्टीने वाद संपतो. दुसरी वृत्ती, दोन केंद्रांच्या रिपोर्टांत चार मिलिमीटरांचा फरक पडताच, त्यांपैकी एक तरी खोटा असलाच पाहिजे असा फैसला करून मोकळी होते. वरवर परस्परविरुद्ध भासणाऱ्या या दोन्ही वृत्ती वस्तुतः एकाच गैरसमजाच्या पोटी जन्मलेल्या आहेत. आणि तो गैरसमज असा, की सोनोग्राफी म्हणजे शरीराच्या अंतर्भागाचे छायाचित्र होय.

ज्ञानाच्या साधनांचा विचार करताना आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान यांत जो भेद केला, तो येथे अत्यंत उपयोगी पडतो. डोळ्यांनी अग्नी पाहणे हे प्रत्यक्ष. पर्वतावर धूर पाहून तेथे अग्नी आहे असे ठरविणे हे अनुमान. अनुमान हे कमी प्रतीचे ज्ञान नव्हे, परंतु त्याचे प्रामाण्य धूर आणि अग्नी यांच्या नियत साहचर्यावर, म्हणजे व्याप्तीवर, अवलंबून असते. आणि जेथे ती व्याप्ती सुटते, किंवा दुरून दिसलेले धुके धूर म्हणून स्वीकारले जाते, तेथे हेत्वाभास उत्पन्न होतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर जे दिसते ते आरंभापासून अंतापर्यंत अनुमान आहे. त्याचा हेतू, म्हणजे धुराच्या जागची खूण, प्रतिध्वनी हा आहे, त्याची व्याप्ती भौतिकशास्त्राच्या काही गृहीतांत आहे, आणि त्याचे हेत्वाभासही ठरलेले आहेत. ही गोष्ट रोग्याने, त्याच्या नातेवाइकांनी, चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याने आणि कायदा करणाऱ्या शासनाने नीट ध्यानी घेतली, तर या साधनाविषयीची अवास्तव भक्ती आणि अवास्तव संशय ही दोन्ही आपोआप निवळतील, असे माझे निश्चित मत आहे. आणि ते मत मांडण्यासाठी प्रथम त्या प्रतिध्वनीचीच कैफियत ऐकणे अवश्य आहे.

ध्वनी म्हणजे पदार्थाच्या कणांचे कंपन. हवा असो, पाणी असो वा मांस असो, कण आपापल्या जागी पुढेमागे हलतात, त्यामुळे दाब क्षणभर वाढतो व क्षणभर ओसरतो, आणि दाबाची ही भरती-ओहोटी पदार्थातून पुढे सरकत जाते. प्रवास घडतो तो ऊर्जेचा, पदार्थाचा नव्हे. सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने मनुष्याच्या कानाला कळतात. त्यापलीकडच्या ध्वनीला श्राव्यातीत म्हणतात, आणि सोनोग्राफीत वापरला जाणारा ध्वनी साधारणतः २० लाखांपासून दीड कोटी कंपनांपर्यंतचा असतो. इतक्या उच्च वारंवारतेची आवश्यकता का पडावी, याचे उत्तर तरंगलांबीत आहे. मृदू ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. तेव्हा आपल्या बोलण्यातील १,००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १,००० कंपनांचा, सूर जर शरीरात शिरला, तर त्याची तरंगलांबी दीड मीटरहून अधिक भरेल. दीड मीटर लांबीच्या तरंगाला पित्ताशयातील चार मिलिमीटरांच्या खड्याची जाणीवही होत नाही. तो त्याला वळसा घालून निघून जातो. परंतु तीच वारंवारता ५० लाख हर्ट्झ केली की तरंगलांबी केवळ ०.३ मिलिमीटर उरते, आणि मग तो खडा, त्याची कडा आणि त्याच्या भोवतीच्या पित्ताशयाची भिंत यांची दखल घेणे तरंगाला भाग पडते.

मात्र निसर्ग या सूक्ष्मतेची किंमत वसूल केल्यावाचून राहत नाही. ध्वनी ऊतींतून जाताना त्याची ऊर्जा शोषली जाते, विखुरली जाते, आणि वारंवारता जितकी अधिक तितका हा ऱ्हास अधिक. ढोबळ हिशेबाने दर सेंटिमीटरला आणि वारंवारतेच्या दर १० लाख हर्ट्झला अर्धा डेसिबल इतका तो असतो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या अवयवापर्यंत जाऊन परत येणे म्हणजे वीस सेंटिमीटरांची वाट. तीवर ३० लाख हर्ट्झच्या ध्वनीची तीव्रता केवळ या ऱ्हासापायी हजाराव्या हिश्श्यावर येते, तर १ कोटी हर्ट्झच्या ध्वनीची हजार कोटीव्या हिश्श्यावर येते, म्हणजे व्यवहारात तो नाहीसाच होतो. म्हणून गळ्यातील थायरॉइडसारख्या उथळ ग्रंथीसाठी एक प्रोब, म्हणजे अंगावर फिरवावयाचा यंत्राचा हातातला भाग, आणि यकृत, मूत्रपिंड, गर्भाशय यांसाठी दुसरा प्रोब अशी योजना करावी लागते. तपशील हवा असेल तर खोली सोडावी लागते, आणि खोली हवी असेल तर तपशिलावर पाणी सोडावे लागते. हा सौदा टाळण्याची मुभा कोणत्याही महागड्या यंत्राला नाही. ज्या रोग्याच्या पोटावर चरबीचा थर जाड आहे त्याच्या रिपोर्टात ‘दृश्यता मर्यादित’ असा शेरा येतो, तो तपासणाऱ्याचा आळस नसून या नियमाचा परिणाम असतो.

हा ध्वनी उत्पन्न करणारे आणि ऐकणारे इंद्रिय म्हणजे प्रोबच्या टोकाशी असलेले दाबविद्युत द्रव्य. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार प्रकट होतो, हे १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवून दिले. आणि उलटपक्षी विद्युतदाब दिला असता असे स्फटिक आकुंचन-प्रसरण पावले पाहिजेत, हे पुढच्याच वर्षी गॅब्रिएल लिपमन यांनी गणिताने ताडले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या भयाने व्याकूळ झालेल्या फ्रान्सने या गुणधर्माचा उपयोग करून घेतला, आणि पॉल लांजव्हँ यांनी पोलादी पत्र्यांच्या मध्ये क्वार्ट्झ बसवून समुद्रात श्राव्यातीत तरंग सोडण्याची व त्यांचे प्रतिध्वनी टिपण्याची युक्ती सिद्ध केली. आजच्या प्रोबमध्ये क्वार्ट्झच्या जागी बहुधा शिसे, झिर्कोनियम आणि टायटेनियम यांच्या संयुगाची भाजलेली द्रव्ये असतात, आणि त्यांचे शंभराहून अधिक सूक्ष्म तुकडे ओळीने मांडलेले असतात. त्यांना क्षणाच्या अत्यल्प अंशाने मागेपुढे चेतवून तरंगाची दिशा वळविता येते व त्याचा झोत हव्या त्या खोलीवर एकवटता येतो. परंतु मूळ तत्त्व क्युरी बंधूंचेच आहे: विजेचा धक्का बसला की द्रव्य बोलते, आणि प्रतिध्वनीचा धक्का बसला की तेच द्रव्य विजेच्या भाषेत साक्ष देते.

आता त्या साक्षीचे स्वरूप पाहू. माथेरानच्या इको पॉइंटवर उभे राहून हाक मारली आणि समोरचा कडा १७० मीटरांवर असला, तर हाक सुमारे एका सेकंदाने परत येते. ज्याला हवेतील ध्वनीचा वेग ठाऊक आहे त्याने केवळ घड्याळ पाहून कड्याचे अंतर सांगावे. सोनोग्राफीचे यंत्र हेच करते, फक्त त्याचे घड्याळ फार सूक्ष्म असते. शरीरात एक सेंटिमीटर खोल जाऊन परत येण्यास ध्वनीला १३ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचे तेरा भाग, लागतात. तेव्हा १३० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रतिध्वनी दहा सेंटिमीटरांवरून आला, असे यंत्र ठरविते आणि पडद्यावर त्या खोलीशी एक ठिपका मांडते. प्रतिध्वनी जोराचा तर ठिपका उजळ, क्षीण तर करडा, काहीच आले नाही तर काळा. पंधरा सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या प्रत्येक स्पंदाला सुमारे २०० मायक्रोसेकंद द्यावे लागतात, म्हणून सेकंदाला पाच हजारांच्या आसपास स्पंद पाठविता येतात, आणि अशा सव्वाशे रेषा शेजारीशेजारी मांडून एक चित्र केले तर सेकंदाला चाळीसच्या सुमारास चित्रे मिळतात. म्हणूनच हृदयाची झडप उघडताना व मिटताना आपल्याला दिसते. विशेष लक्षणीय गोष्ट ही, की प्रत्येक स्पंद अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आसपास आटोपतो व उरलेला सर्व वेळ प्रोब केवळ ऐकत असतो. हजारातील दोन-तीन भाग बोलावे आणि बाकीचे ऐकावे, असा या यंत्राचा धर्म आहे.

परंतु या हिशेबात एक गृहीत आहे, आणि तेच या अनुमानाची व्याप्ती होय. यंत्राने वेळ मोजली. अंतर त्याने मोजलेले नाही. अंतर काढताना त्याने सर्व ऊतींत ध्वनीचा वेग १,५४० मीटर आहे असे धरलेले आहे. वस्तुतः चरबीत तो सुमारे १,४५० आणि स्नायूत १,५८० च्या आसपास असतो. पाच सेंटिमीटर चरबीतून जाऊन आलेल्या प्रतिध्वनीचे अंतर यंत्र तीन मिलिमीटरांनी वाढवून सांगते. तसेच ध्वनी सरळ रेषेत गेला, सरळ परतला, आणि एकदाच परावर्तित झाला, हीही गृहीतेच आहेत. ती बहुतांशी खरी ठरतात, म्हणून सोनोग्राफी विश्वासार्ह आहे; ती सर्वांशी खरी नाहीत, म्हणून दोन कुशल हातांनी घेतलेल्या मापांत अल्प अंतर पडणे हे अप्रामाणिकपणाचे चिन्ह नाही. गर्भाचे वय पहिल्या तिमाहीत मापले तर पाच-सात दिवसांच्या फरकाने सांगता येते, शेवटच्या तिमाहीत तोच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो. आणि गर्भाच्या वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी चुकणे हे नित्याचे मानले जाते. या मर्यादा ज्या गर्भवतीला अगोदर सांगितल्या जातात ती पुढे तारखेवरून व्यर्थ चिंतेत पडत नाही.

प्रतिध्वनी निर्माण होतो तो दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर. पदार्थाची घनता आणि त्यातील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार म्हणजे त्याचा ध्वनिरोध. आणि सीमेच्या दोन बाजूंच्या ध्वनिरोधांत जितकी तफावत तितके परावर्तन अधिक. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर ध्वनीचा सुमारे एक टक्का भाग परततो व उरलेला पुढे जातो. हे प्रमाण आदर्श आहे, कारण साक्षही मिळते आणि पुढचा प्रवासही चालू राहतो. ऊती आणि हाड यांच्या सीमेवर चाळीस टक्क्यांच्या आसपास ध्वनी उलटतो, आणि पुढे गेलेला हाडात विरून जातो. ऊती आणि हवा यांच्या सीमेवर तर ९९.९ टक्क्यांहून अधिक ध्वनी जागच्या जागी परत फिरतो. तेथे पुढचे काहीही दिसणे शक्य नाही. सोनोग्राफीच्या खोलीतील सर्व आज्ञांचा उगम या एका नियमात आहे. पोटावर गार जेल लावतात, ते प्रोब आणि त्वचा यांच्यामधील हवेचा पापुद्रा घालविण्यासाठी. उपाशीपोटी बोलावतात, ते आतड्यांतील वायू कमी व्हावा आणि पित्ताशय पित्ताने भरलेले राहावे म्हणून. पाणी पिऊन लघवी रोखावयास सांगतात, ती रोग्याला छळण्यासाठी नव्हे. भरलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि त्यातील द्रवातून ध्वनी जवळजवळ अबाधित जातो, त्यामुळे त्यामागचे गर्भाशय व अंडाशय दिसू लागतात. ज्या स्त्रीला या आज्ञेचे कारण सांगितलेले असते ती तीच आज्ञा सहकार्याच्या भावनेने पाळते. ज्या स्त्रीला ते सांगितलेले नसते तिला ती एक विनाकारण शिक्षा वाटते. कारण सांगण्यास अर्धे मिनिटही लागत नाही, आणि ते अर्धे मिनिट प्रत्येक केंद्राने दिलेच पाहिजे.

या विद्येचा इतिहासही हेच सांगतो, की तिचे यश आणि अपयश यंत्रावर नव्हे, तर अनुमान करणाऱ्याच्या विवेकावर ठरत आले आहे. ऑस्ट्रियातील कार्ल डुसिक यांनी १९४० च्या दशकात डोक्याच्या एका बाजूने श्राव्यातीत ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूस तो टिपण्याचा प्रयत्न केला, आणि मिळालेल्या आकृती मेंदूतील द्रवपोकळ्यांच्या आहेत असे जाहीर केले. पुढे कळून आले, की त्या आकृती मुख्यतः कवटीच्या हाडाने ध्वनी कमीअधिक अडविल्यामुळे उमटल्या होत्या. प्रयत्न थोर होता, परंतु धुके धूर ठरले होते. याउलट ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांची रीत पाहावी. पोलादातील चिरा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे ध्वनियंत्र त्यांनी १९५५ साली रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरच्या कारखान्यात जाऊन पाहिले, आणि जाताना शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी व द्रवकोश यांचे नमुने गाडीतून बरोबर नेले. म्हणजे आत काय आहे हे ज्यांचे प्रत्यक्ष ठाऊक होते, अशा वस्तूंवर त्यांनी आधी प्रतिध्वनीची भाषा शिकून घेतली. व्याप्ती आधी पारखली, अनुमान नंतर केले. पुढे एक स्त्री त्यांच्याकडे आली, जिचे पोट फुगले होते आणि जिला जठराचा असाध्य कर्करोग असल्याचे निदान झाले होते. प्रतिध्वनींनी सांगितले, की हा विखुरलेला द्रव नसून चारी बाजूंनी स्पष्ट भिंत असलेला एक प्रचंड कोश आहे. शस्त्रक्रिया झाली, अंडाशयाचा तो कोश निघाला, आणि ती स्त्री वाचली. डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि अभियंते टॉम ब्राउन यांचा निबंध जून १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ॲलिस स्ट्युअर्ट यांचे संशोधन गर्भावस्थेतील क्ष-किरण आणि बालकांचा कर्करोग यांचा संबंध दाखवीत होते. आणि क्ष-किरणाप्रमाणे अणूंचे आयनीभवन न करणाऱ्या या ध्वनीकडे प्रसूतिशास्त्र वळले, यात नवल नाही. तोही ऊतींना किंचित उष्णता देतोच, म्हणून गरजेपुरताच आणि गरजेइतकाच वेळ वापरावा हा दंडक त्यालाही लागू आहे.

हेत्वाभासांचीही येथे एक व्यवस्था आहे, आणि ती जाणणे हेच रेडिओलॉजिस्टचे खरे पांडित्य होय. पित्ताशयातील खडा ध्वनीला अडवितो, म्हणून त्याच्या मागे पडद्यावर एक काळी सावली पडते. त्या सावलीच्या जागी शरीरात काळे असे काहीही नसते, परंतु ती सावलीच खड्याचा बिनचूक पुरावा ठरते. द्रवाने भरलेल्या कोशात ध्वनी फारसा शोषला जात नाही, आणि यंत्र तर खोलीप्रमाणे प्रतिध्वनी वाढवीत जाते. त्यामुळे कोशाच्या मागचा भाग वाजवीपेक्षा उजळ दिसतो. त्याला नवखा रोग समजेल, परंतु जाणता त्यावरूनच कोशात पाणी आहे असे ठरवील. दोन समोरासमोरच्या पृष्ठांमध्ये ध्वनी पुनःपुन्हा उसळला, तर पडद्यावर एकाच वस्तूच्या समान अंतरावर अनेक प्रतिमा उमटतात. मध्यपटलासारख्या बळकट परावर्तकामुळे यकृतातील गाठ त्याच्या पलीकडे, छातीत असल्यासारखी भासते. रक्ताचा वेग मोजताना वेगळीच अडचण उभी राहते. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे वाहत्या रक्ताकडून परतलेल्या ध्वनीची वारंवारता बदललेली असते. ५० लाख हर्ट्झचा ध्वनी आणि सेकंदाला अर्धा मीटर वाहणारे रक्त असेल तर हा बदल ३,२०० हर्ट्झच्या थोडा पुढे, म्हणजे कानाला ऐकू येईल असा असतो, आणि यंत्रातून येणारा सळसळता आवाज त्याचाच असतो. परंतु ध्वनीची दिशा रक्ताच्या प्रवाहाशी काटकोनात आली की हा बदल शून्य होतो. नाडी उत्तम वाहत असतानाही यंत्र प्रवाह नाही असे सांगते. कोन बदलून पाहण्याचे शहाणपण यंत्रात नसते, ते प्रोब धरलेल्या हातात असावे लागते.

एवढा विचार केल्यावर काही निष्कर्ष अपरिहार्य ठरतात. पहिला असा, की सोनोग्राफीची किंमत यंत्राच्या किमतीवरून ठरवू नये. क्ष-किरणाची फिल्म एकदा निघाली की ती दहा डॉक्टरांना तशीच पाहता येते. सोनोग्राफीत मात्र तपासणारा जी दिशा धरतो, जो कोन घेतो, रोग्याला ज्या कुशीवर वळवितो, त्यावर साक्ष अवलंबून असते, आणि फिल्मवर छापलेली चार-सहा चित्रे ही त्या दीर्घ उलटतपासणीची केवळ वेचक टिपणे असतात. अशा तपासणीला वेळ लागतो. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सकाळपासून रांग लागलेली असते व एकाच तज्ज्ञाने दुपारपर्यंत ती संपवावी अशी अपेक्षा धरली जाते; खासगी केंद्रांतही संख्येचा मोह असतो. घाईने घेतलेली साक्ष न्यायालय जसे ग्राह्य धरत नाही, तशी घाईने केलेली सोनोग्राफीही ग्राह्य धरू नये. आणि ही घाई संपवावयाची तर यंत्रांच्या खरेदीइतकीच प्रशिक्षित माणसांच्या नेमणुकांची तरतूद शासनाला अंदाजपत्रकात करावी लागेल.

दुसरा निष्कर्ष रिपोर्टाच्या भाषेविषयी आहे. रिपोर्टाच्या शेवटी ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’ असा जो शेरा असतो, त्याला अनेक जण जबाबदारी झटकण्याची पळवाट समजतात. मला तो शेरा या विद्येतील सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतो. अनुमानाला दुसऱ्या प्रमाणाचा आधार मिळाला की ते दृढ होते. रोग्याची लक्षणे, हाताची तपासणी, रक्ताचा अहवाल आणि प्रतिध्वनीची साक्ष ही एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच निदानाचा निर्णय व्हावा, हेच तो शेरा सुचवितो. तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी तिच्यावर केवळ ‘पोटाची सोनोग्राफी’ एवढे न लिहिता कशाचा संशय आहे हे लिहावे. रोग्याने आपले दुखणे कोठे व केव्हापासून आहे हे तपासणाऱ्याला सांगावे आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. आणि तपासणाऱ्याने वायूमुळे वा चरबीमुळे जे दिसले नाही त्याची नोंद संकोच न करता करावी. न दिसणे आणि नसणे यांतील अंतर जो रिपोर्ट स्पष्ट करतो तो अधिक विश्वासार्ह मानावा.

तिसरा निष्कर्ष महाराष्ट्राच्या जिव्हारी लागणारा आहे. यंत्र स्वतः काही पाहत नाही. कोणीतरी प्रश्न विचारतो आणि प्रतिध्वनी त्याचे उत्तर देतो. म्हणून प्रश्नाची नैतिक जबाबदारी विचारणाऱ्यावर पडते, ध्वनीवर नव्हे. गर्भाला व्यंग आहे काय, तो वाढतो आहे काय, वार कोठे आहे, असे प्रश्न विचारण्यासाठी जी विद्या निर्माण झाली, तिला आपल्या समाजातील काहींनी मुलगा की मुलगी असा प्रश्न विचारला, आणि उत्तर मुलगी आले की त्या गर्भाचा नाश केला. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अंमलात आला व २००३ मध्ये अधिक कडक झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या या राज्यात १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाली. या आकड्यांपुढे कोणत्याही मराठी मनुष्याची मान खाली गेली पाहिजे. या कायद्याने मागितलेले ‘एफ’ नमुन्याचे अर्ज, यंत्रांची नोंदणी, दफ्तराची तपासणी यांचा जाच होतो अशी प्रामाणिक डॉक्टरांची तक्रार असते, आणि तिच्यातील त्रासाचा अंश मला मान्य आहे. परंतु दफ्तर न राखणे ही किरकोळ कारकुनी चूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली जे सांगितले, ते या साधनाच्या स्वरूपाशी सुसंगत आहे. अंधाऱ्या खोलीत कोणता प्रश्न विचारला गेला याचा मागमूस प्रतिध्वनी मागे ठेवीत नाही; तो कागदावरच ठेवावा लागतो, आणि म्हणून तो कागद पवित्र मानला पाहिजे.

शेवटचा मुद्दा शिक्षणाचा आहे, आणि मला तोच सर्वांत आशादायक वाटतो. आपल्या राज्याच्या नववीच्या विज्ञानात ध्वनीचे प्रकरण आहे. त्यात सोनार व सोनोग्राफी यांचा उल्लेखही आहे. ही विद्या आपल्याला परकीही नाही: १९३५-३६ साली बंगळूर येथे चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी श्राव्यातीत तरंगांनी कंपित झालेल्या द्रवातून प्रकाश जाताना त्याचे विवर्तन कसे होते याचा जो सिद्धांत मांडला, तो आजही त्यांच्या नावाने जगभर शिकविला जातो. परंतु वर्गात ते प्रकरण व्याख्या आणि गणिते यांच्यापुरतेच राहते. प्रतिध्वनीचे अंतर काढण्याचे जे गणित विद्यार्थी परीक्षेसाठी सोडवितो, त्याच गणिताने आपल्या आईच्या पोटातील खडा सापडला, हे त्याला कोणी सांगत नाही. ते सांगितले गेले पाहिजे, आणि त्याबरोबर हेही सांगितले गेले पाहिजे, की त्या गणितातील वेग हा एक गृहीत आकडा आहे, की हवेपलीकडचे त्याला दिसत नाही, आणि की उत्तराची शुद्धता प्रश्न विचारणाऱ्याच्या ज्ञानावर व हेतूवर अवलंबून आहे. अशा रीतीने घडलेला नागरिक सोनोग्राफीच्या केंद्रात पाऊल टाकील तेव्हा तो यंत्राला नमस्कारही करणार नाही आणि त्याच्यावर संशयही घेणार नाही. तो तपासणाऱ्याला पुरेसा वेळ देईल, आपली हकीकत नीट सांगेल, काय दिसले आणि काय दिसू शकले नाही हे विचारील, आणि जो प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही तो ना स्वतः विचारील, ना आपल्या घरात कोणाला विचारू देईल. एवढी मागणी शाळांकडे, रुग्णालयांकडे आणि शासनाकडे आग्रहाने करण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे, आणि तो त्याने बजावावा.